पत्र्याच्या छपराची दरवर्षीची गळती: भोक एकीकडे, थेंब दुसरीकडे

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा मालवण तालुक्यातल्या आमच्या घराची अर्धी कौलं खळ्यात, म्हणजे अंगणात, आली. वासे तसेही वाळवीने खाल्लेले होते. मिरग तोंडावर आलेला, सगळ्या गावाला एकाच वेळी छप्पर हवं, म्हणून मिळेल त्या माणसाकडून मिळेल तो पत्रा घालून घेतला. त्या चतुर्थीला थेंब पडला तो नेमका माटवीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीवर. आधी कवंडळावर टप, तिथून सुपारीच्या घोसावर टप, शेवटी मूर्तीच्या उजव्या अंगाला परात ठेवावी लागली. २०२२ ला थेंब तिथेच. २०२३ ला पण तिथेच, फक्त परातीच्या जागी टोप.

उपाय केले नाहीत असं नाही. पहिल्या वर्षी पत्रेवाल्याने येऊन दिसेल त्या स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉन थापलं, "आता काय एक होवचा नाय" म्हणाला. दुसऱ्या वर्षी डांबरी चिकटपट्टी झाली. तिसऱ्या वर्षी त्याने फोन उचलला नाही, म्हणून मीच वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणून माटवीच्या वरचे चार पत्रे रंगवले. तिन्ही वेळा आम्ही एकच चूक केली. थेंब जिथे पडतो त्याच्या डोक्यावरच भोक असणार असं धरून चाललो.

खरी जागा सापडली ती दिवाळीनंतर. दुपारी बाराच्या उन्हात माळ्यावर चढलो, खिडकीला पोतं लावलं, बॅटरी बंद केली आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. डोळे सरावले तसे पत्र्यात चार ठिकाणी टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले. त्यातला एकही माटवीच्या वर नव्हता. सगळ्यात जवळचा होता तो अकरा फूट लांब. त्याच्या खालून जाणारा पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्याच्यावर स्क्रूने बसवतात त्या आडव्या आधाराचा, चौकोनी पाइप बोटाच्या पेराने ठोकत गेलो. पोकळ पाइप टणटण वाजतो. हा एका जागेपासून पुढे बद्द वाजायला लागला. खालच्या अंगाने ५ मिलिमीटरचं भोक पाडलं तर गंजाने चहासारखं झालेलं पाणी धार लागून आलं, दोन तांबे तरी भरले असतील.

हल्ली घरोघरी पर्लिन म्हणून पोकळ पाइपच वापरतात, म्हणून हे जरा नीट सांगतो. स्क्रू पत्र्यातून जाऊन पाइपाची वरची भिंत भेदतो. वॉशर नीट बसला नसेल तर पाणी स्क्रूच्या आट्यांवरून उतरून थेट पाइपाच्या पोटात जातं. खाली थेंब दिसत नाही, पत्र्याला ओल दिसत नाही. पाइप एका बाजूला सुताभर जरी कलता असला तरी पाणी तिकडे जमतं आणि जोडाच्या कच्च्या वेल्डिंगमधून किंवा उघड्या टोकातून बाहेर पडतं. आमच्याकडे तो जोड माटवीच्या वर होता. वर रंगाचे तीन हात मारून काय होणार? आणि पाइप आतून गंजत होता ते वेगळंच.

तेव्हा आधी शोधा, मग डबा उघडा. उजेडाची परीक्षा फुकट आहे. सापडलेल्या प्रत्येक ठिपक्याला आतून खडूने गोल करा. त्यानंतर पाण्याची परीक्षा: एकाने वर पाइप धरायचा, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचं. पाणी वळचणीकडून सुरू करून वर सरकायचं, एका जागी निदान दहा मिनिटं. आढ्यापासून सुरुवात केलीत तर सगळं छप्पर एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या पत्र्यावर चढू नका, विजेची तार जवळून जात असेल तर कोरड्या दिवशीसुद्धा नको. पाय ठेवायचा तो पर्लिनच्या रेषेवर, म्हणजे स्क्रूंची रांग दिसते तिथे.

थेंब कधी पडतो यावरून पण पुष्कळ कळतं. कुठलाही पाऊस आला की पाच मिनिटांत टपटप सुरू होत असेल तर स्क्रू किंवा उघडं भोक. फक्त नैऋत्येचा वारा झोडपतो तेव्हाच गळत असेल तर पत्र्यांचा बाजूचा जोड, आढ्यावरचा रिजचा पत्रा किंवा भिंतीलगतची फ्लॅशिंग, म्हणजे भिंत आणि छप्पर यांच्या जोडावरची पत्र्याची पट्टी. धो धो कोसळला तरच गळतं आणि रिमझिमीत काही नाही, तर पन्हळ बघा: आंब्या-फणसाच्या पाल्याने तुंबली असेल, पाणी उलटं पत्र्याखाली शिरत असेल, किंवा मुळात उतारच कमी असेल. पाऊस थांबून दिवस झाला तरी भिंतीच्या माथ्याशी ओल उतरतेच आहे? मग छपराला दोष देऊ नका. चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, सच्छिद्र असतो, उघड्या त्रिकोणी भिंतीवर झड बसली की पाणी पिऊन घेतो आणि सवडीने आत सोडतो. माझ्या मेहुण्याने याच चुकीपायी चांगला पत्रा उतरवला होता.

आणि जानेवारीत, आभाळ निरभ्र असताना पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नव्हेच. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेचं पाणी त्याच्या पोटाला धरतं. भांड्याला घाम येतो तसं. खाली चूल पेटत असेल, ओली लाकडं ठेवलेली असतील तर जास्तच. यावर सिलिकॉनचा उपयोग शून्य. हवा खेळायला वर झरोका ठेवा, नाहीतर पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर घाला.

आता स्क्रू. तीन वर्षांत मी जेवढी छपरं बघितली त्यात पत्रा स्वतः गळतोय असं क्वचित आढळलं, गळतं ते आपण पाडलेलं भोक. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या डोक्याखाली काळा रबरी वॉशर असतो, तो ईपीडीएमचा, म्हणजे ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा हवा. तो पत्र्यावर दाबून बसला पाहिजे, किंचित फुगलेला, धातूच्या टोपीबाहेर जेमतेम डोकावणारा. कामगार इम्पॅक्ट मशीन लावून धडाधड पिळत जातात तेव्हा वॉशर चिरडून बाहेर येतो, वर्षभर उन्हात तडकतो आणि पुढच्या पावसात पाणी. सैल राहिला तर पहिल्याच पावसात. तिरका घुसला तर एका बाजूने दाबलेला आणि दुसऱ्या बाजूने उघडा. आमचा माटवीचा गुन्हेगार तिरका होता. उन्हात वाकून बघितलं तर टोपी एका बाजूने पत्र्यावर टेकलेली, दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट, आणि त्या फटीवर २०२१ च्या सिलिकॉनचा सुकलेला पापुद्रा.

याहून वाईट म्हणजे चुकलेला स्क्रू. पर्लिन सापडली नाही, पत्र्याला भोक पडलं, स्क्रू काढून दोन इंच बाजूला मारला आणि पहिलं भोक तसंच. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे की खाचेत, यावर वाद घालणारे भेटतील. आपल्याकडच्या पावसात उंचवट्यावर मारावेत असं माझं मत. पाणी वाहतं खाचेतून, मग भोक तिथे कशाला?

दुरुस्ती सोपी आहे. साधारणपणे घरांवर ५.५ मिलिमीटर जाडीचे स्क्रू असतात. बिघडलेला स्क्रू काढायचा आणि त्याच भोकात ६.३ चा, नवीन वॉशरसकट, सरळ उभा मारायचा. जुनाच परत पिळून उपयोग नसतो, आटे खाल्लेले असतात. पत्रा रोज थोडा लांबतो आणि आखडतो. वीस फुटी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून मेच्या दुपारपर्यंत साधारण ३ मिलिमीटर सरकू पाहतो, त्यात भोक मोठं होत जातं. चुकलेल्या भोकावर ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि त्यावर रंगीत पत्र्याचा तुकडा रिव्हेटने बसवावा. सिलिकॉन वापरायचंच तर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते पत्र्यावर लावू नका, त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. आमच्या पत्र्यावर तीन वर्षं तेच थापलेलं होतं.

दुसरी जागा रिज. रिजच्या पत्र्याखाली दोन्हीकडच्या पत्र्यांची वरची टोकं लपलेली असतात. खाचांची ही टोकं पकडीने वर वळवायची असतात, बोटाच्या पेराएवढी, म्हणजे वाऱ्याने ढकललेलं पाणी आत न जाता परततं. हे काम खालून दिसत नाही, म्हणून करत नाहीत. रिजचा पत्रा दोन्हीकडे निदान ६ इंच उतरलेला हवा आणि खाली पत्र्याच्या आकाराची फोमची पट्टी हवी. आमच्याकडे टोकं सपाट, पट्टी नाही, आणि आत घूस जाईल एवढी फट.

भिंतीला पत्रा मिळतो तिथे गवंड्याकडून सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपरा भरणारा तिरका लेप, मारून घ्यायची पद्धत आहे. ती मोडा. पत्रा हलतो, भिंत हलत नाही, एका उन्हाळ्यात वाट्याला भेग पडते. शिवाय ओलं सिमेंट अल्युमिनियम-जस्ताच्या थराला मानवत नाही. भिंतीत खाच मारून त्यात फ्लॅशिंगचा पत्रा खोवायचा आणि खाच सीलंटने भरायची.

बाजूच्या जोडाबद्दल एकच, पण ते काम झाल्यावर बदलता येत नाही. पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून करायची. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्येकडून, तेव्हा आढं दक्षिणोत्तर असेल तर पहिला पत्रा उत्तरेच्या टोकाला आणि पुढचा प्रत्येक त्याच्यावर चढवत दक्षिणेकडे. म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. आमची कड वाऱ्याकडे तोंड करून होती. जोडांत ब्युटाइल टेप घालून दीड-दीड फुटावर छोटे स्क्रू मारून पूर्वेची बाजू निभावली.

पश्चिमेची बाजू मात्र बदलावी लागली. ग्राइंडरने कापलेल्या कडा ठिणग्यांनी जळून गंजल्या होत्या. ड्रिलचा कीस झाडला नव्हता, तोही पत्र्यावर गंजून चिकटला होता. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापलं आणि संध्याकाळी झाडू मारला तर या दोन्ही गोष्टी होत नाहीत. उतरवलेले पत्रे भंगारवाल्याला घातले आणि तिथे आणखी एक गोष्ट कळली. मी पैसे मोजले होते ०.५० मिलिमीटरच्या पत्र्याचे. चार फुटी रिळाचा, १२ फूट लांब, ०.५० चा पत्रा साधारण सोळा किलो भरतो. काट्यावर आमचा प्रत्येक पत्रा भरला साडेबारा. म्हणजे ०.४०.

म्हणून नवीन घेताना मी वजनकाटा घेऊनच दुकानात गेलो. दुकानदार हसला, पण त्याने पत्रा चढवू दिला. जाडी विचारताना टीसीटी की बीएमटी ते विचारा. टीसीटी म्हणजे रंग आणि लेपासकट, बीएमटी म्हणजे आतलं निव्वळ पोलाद. ०.५० टीसीटीच्या पत्र्यात पोलाद ०.४३ च्या आसपासच असतं. लेपाचा आकडा पण विचारा. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम अल्युमिनियम-जस्त. या मिश्रणात ५५ टक्के अल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन (हे मूलद्रव्य, नळीतलं नव्हे) असतं. साध्या जीआय, म्हणजे नुसत्या जस्ताचा लेप असलेल्या, पत्र्यापेक्षा हे आपल्या हवेत जास्त टिकतं. मात्र गोठ्यावर घालू नका, शेणामुताच्या अमोनियापुढे त्याचं काही चालत नाही. चांगल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनीचं नाव, जाडी आणि लेप यांची छापील ओळ असते. तीच माहिती बिलावर लिहून घ्या. ‘कलर पत्रा, नग २२’ एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कुणी बघत नाही. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनच्या अंतराची अटही वाचा, किनाऱ्यावरची घरं त्यातून बऱ्याचदा वगळलेली असतात. खारं वारं वळचणीखालच्या भागाला जास्त खातं, कारण तिथे पावसाने धुतलं जात नाही. तिथे उन्हाळ्यात दोन-तीनदा गोड्या पाण्याचा पाइप मारावा.

रंग फिकट घ्या. गडद निळा फोटोत चांगला दिसतो, मेमध्ये त्याच्याखाली बसून बघा. कौलाच्या नक्षीचे पत्रे आवडत असतील तर घ्या, मला त्यात पैसे दिसण्याला जातात असं वाटतं. पत्रा मापाने कापून, आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध मागवा, म्हणजे मधला आडवा जोडच राहत नाही. उतार दहा फुटाला दीड-दोन फूट ठेवा. दहाला एक फुटावर काम चालतं म्हणतात, पण जुलैच्या झडीत नाही. पर्लिन चार फुटांवर, आढ्याला आणि वळचणीला जरा जवळ, आणि त्या दोन रांगांत स्क्रू दुप्पट. वारा पत्रा उचलतो तो कडेपासून. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोलीकडचे फोटो आठवा, पत्रे कडेने सोलून गुंडाळल्यासारखे पडले होते.

राहिला माणूस. आपल्याकडे छपराचं काम करणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. वेल्डिंग मशीन असलेला कुणीही फॅब्रिकेटर असतो. वेल्डिंग चांगलं येणं आणि पत्रा घालता येणं ही दोन कामं आहेत. आयटीआयचं सर्टिफिकेट असेल तर उत्तमच, पण मी तीन पावसाळे झालेलं त्याचं एखादं छप्पर बघायला मागतो, आणि घरमालकाला तो नसताना विचारतो. गेल्या एप्रिलचं काम दाखवणाऱ्याला अर्थ नाही, ते अजून भिजलेलंच नसतं.

मी तिघांना बोलावलं. पहिल्याने खळ्यात उभं राहूनच चौरस फुटाचा दर सांगितला. दुसऱ्याला विचारलं, "दादा, पत्रे खंयच्या बाजून घालूक सुरुवात करतलास?" तो म्हणाला, "खंयसूनय चलात." तिसऱ्याने माझा प्रश्न ऐकून उलट विचारलं, "काकानू, पावसात वारो खंयसून येता तुमच्याकडे?" मग शिडी मागितली आणि दर सांगायच्या आधी अर्धा तास माळ्यावर होता. काम त्याला दिलं. तो सगळ्यात स्वस्त नव्हता. येताना त्याच्या पोरांनी कमरेला पट्टे बांधले होते, हेही मी बघितलं. आपल्या घरावरून कोण पडलं तर ते आपल्या दारात पडतं.

व्यवहार एका कागदावर लिहिला. सामान मी विकत आणायचं, बिल माझ्या नावावर. लोखंडी कामाचा दर किलोवर, पत्रा घालायचा चौरस फुटावर. ग्राइंडर पत्र्याला लावायचा नाही. उरलेले स्क्रू मोजून परत. चारातला शेवटचा हप्ता, दहा हजार रुपये, जुलै संपल्यावर. या अटीला दुसरे दोघे तयारच झाले नसते असं मला वाटतं. काम जानेवारीत केलं. मेमध्ये चांगला माणूस हाती लागत नाही, लागला तर त्याला वेळ नसतो.

जुलै २०२४ मध्ये आठ दिवस झड लागली होती तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात एक थेंब पडला. फोन केला. दुसऱ्या दिवशी भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन तो आला, वर चढला नाही, माळ्यावर जाऊन पाइप ठोकत बसला. खाली येऊन म्हणाला, पावसाने उघडीप दिली की येतो, एक स्क्रू माझाच तिरका गेलाय. तीन दिवसांनी येऊन मारून गेला. दहा हजार त्याच संध्याकाळी दिले, महिना संपायची वाट बघितली नाही.